मुक्काम पोस्ट दगड क्रमांक तीनशे बारा

माणसाने कोणताही रकाना रिकामा ठेवू नये, हे रकानेसाहेबांचं ब्रीद होतं आणि त्या ब्रीदानेच त्यांचा घात केला.

रकानेसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. जमीन नोंदणीच्या कार्यालयात ते हेडक्लार्क होते. सत्तावीस वर्षं लोकांचे अर्ज ‘रकाना क्रमांक नऊ कोरा आहे’ असा शेरा मारून परत करता करता त्यांना हे नाव चिकटलं होतं. माहिती नसेल तर ‘निरंक’ लिहावं, पण कोरं सोडू नये, असं त्यांनी एकदा नव्वदीच्या एका म्हाताऱ्याला पाऊण तास समजावलं होतं. शेवटी म्हाताऱ्याने ‘भविष्यातील पत्ता’ या रकान्यात निरंक लिहून दिलं. तेव्हा अख्खं ऑफिस हसलं, पण साहेबांनी समाधानाने शिक्का मारला.

तर झालं असं, की कार्यालयाची स्मरणिका निघायची होती आणि तिच्यासाठी प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा होता. साहेबांनी ‘विशेष प्रावीण्य’ पुढे निरंक लिहिलं. ‘परदेश प्रवास’ पुढे निरंक लिहिलं. ‘पारितोषिके’ पुढेही तेच. मग ‘छंद’ आला. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. लागोपाठ चार निरंक पाहून वाचणाऱ्याला वाटणार, की हा इसमच निरंक आहे. शेजारी टायपिस्टबाईंचा फॉर्म पडला होता. त्यात ‘बासरी, गिर्यारोहण’ असं लिहिलेलं होतं, आणि बाई तर दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने येत. साहेबांना काय झालं कोण जाणे. त्यांनी लिहिलं, ‘वाळवंट व डोंगराळ प्रदेशातून मोटारसायकलने एकट्याने दूरचा प्रवास व तंबूत मुक्काम.’ तपशील पूर्ण द्यायची सवय ही अशी नडते.

स्मरणिका छापून आली. फोटोखाली हे सगळं ठळक अक्षरांत होतं. मोठे साहेब वयाने रकानेसाहेबांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते. त्यांनी सगळ्यांसमोर हात हातात घेतला आणि म्हणाले, “तुमच्यात हे असेल असं कधी वाटलं नव्हतं हो. मग आता पुढची सफर कधी?”

दुसरा कोणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. पण ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या खोट्या नोंदी पकडल्या, त्याच्याच सहीने एक खोटी नोंद छापली गेली होती. छापलेलं खोडता येत नाही. आता एकच मार्ग उरला होता, नोंद खरी करणं. साहेबांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

घरी बायकोने स्मरणिका चाळली आणि विचारलं, “हे कोण?”

“मी.”

“अहो, तुम्ही भाजी आणायला गेलात तर मला दोनदा फोन करता.”

“ते भाजीबद्दल असतं,” साहेब म्हणाले. ते खरं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात साहेब एकही रात्र एकटे राहिले नव्हते. बायको माहेरी गेली की ते दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून तिथे हजर व्हायचे.

बातमी इमारतीत पसरायला जिन्याची एक फेरी पुरली. खालच्या मजल्यावर हवामान खात्यातले निवृत्त निरीक्षक राहत. ते त्याच संध्याकाळी वर आले आणि बूट न काढता दारातच म्हणाले, “वाळवंटात दिवसा माणूस उन्हाने जातो आणि रात्री थंडीने. मधल्या वेळात हवा चांगली असते.” एवढं सांगून ते चहा पिऊन गेले. समोरच्या दंतवैद्यबाईंना भलतीच काळजी. डोंगरात दाढ दुखली तर काय करणार? त्यांनी साहेबांना खुर्चीत बसवून दोन दाढा खबरदारीचा उपाय म्हणून भरल्या. त्या आधी दुखत नव्हत्या. नंतर दुखू लागल्या.

मेहुण्याने तंबू आणला. मेहुणा या विषयातला घरातला तज्ज्ञ होता. एकदा तो मित्रांबरोबर तलावाकाठी मुक्कामाला गेला होता. पाऊस आला म्हणून नऊ वाजता घरी परतला होता, पण बोलताना मात्र ‘आम्ही बाहेर राहणारी माणसं’ असंच म्हणे. तंबूची रंगीत तालीम दिवाणखान्यात झाली. सोफा जिन्यात गेला, टीव्ही स्वयंपाकघरात गेला, आणि खुंट्या ठोकता येईनात म्हणून तंबूचे चार दोर अनुक्रमे खिडकी, कपाट, दाराची कडी आणि मेहुणा यांना बांधले. साहेब आत शिरले. मेहुण्याने बाहेरून चेन लावून दाखवली. मग त्याला फोन आला आणि तो दोरासकट बाल्कनीत गेला. तंबू साहेबांच्या अंगावर बसला.

“अगं, चेन कुठंय?” आतून आवाज आला.

“डाव्या हाताला, खाली.”

“डावा हात कुठंय ते कळत नाहीये.”

बायकोने येऊन चेन उघडली. साहेबांचं तोंड घामाने भिजलं होतं आणि डोळे मोठे झाले होते. तिने पदराने त्यांचा घाम पुसला. मग म्हणाली, “तिकडे कोण उघडणार?”

साहेबांनी सामानाच्या यादीत तीन शिट्ट्या वाढवल्या.

मोटारसायकलही चौदा वर्षांची, घर ते ऑफिस एवढाच तिचा अनुभव. मेकॅनिकने तिला दोन दिवस ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाला, “गाडीचं टेन्शन घेऊ नका. गाडी जाईल.”

“आणि मी?”

“तुमचं सर्व्हिसिंग मी करत नाही साहेब.”

पण खरी अडचण पुढेच होती आणि ती साहेबांनी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. रजेच्या अर्जात रकाना सात होता, ‘रजेच्या काळातील मुक्कामाचा पत्ता (रात्रवार)’. मोठे साहेब म्हणाले, “लिहा की काहीतरी. ‘प्रवासात’ लिहा.”

“ते चालत नाही साहेब. ‘प्रवासात’, ‘फिरतीवर’, ‘निरंक’ असे पत्ते ग्राह्य धरू नयेत, असं परिपत्रक आहे.”

“कोणी काढलं?”

रकानेसाहेब छताच्या पंख्याकडे बघत राहिले. मोठ्या साहेबांना उत्तर मिळालं.

ओसाड माळावरच्या तंबूला पत्ता कुठून आणायचा? दोन रात्री तळमळल्यावर साहेबांना तोडगा सुचला. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, त्यांना क्रमांक असतात आणि सरकारने दिलेला क्रमांक म्हणजे पत्ताच की. ते रस्ते खात्यात गेले आणि दगडांची यादी मागितली.

“कशाला हवी?” तिथल्या क्लार्कने विचारलं.

“राहायला,” साहेब म्हणाले.

क्लार्कने यादीसाठी अर्ज मागितला. साहेबांनी तो असा भरला, की क्लार्कने उठून हात मिळवला. तरी नऊ दिवस गेलेच. मिळालेलं रजिस्टर अठरा वर्षांपूर्वीचं होतं, पण क्लार्कने धीर दिला, “दगड कुठे पळून जातात का साहेब?” साहेबांनी त्यावर विश्वास ठेवला. अकरा रात्रींचे अकरा दगड निवडले गेले. त्यातले पहिले पाच वाळवंटातले आणि पुढचे सहा डोंगरातले. रजा मंजूर झाली.

बायकोने त्या यादीची झेरॉक्स काढली आणि फ्रीजच्या दारावर लावली. “तिकडे फोन लागेल न लागेल,” ती म्हणाली. “मी रोज संध्याकाळी साडेसातला ही यादी बघीन. त्या वेळेला तुम्ही त्या दगडाशी आहात असं समजेन आणि मग जेवायला बसेन.”

“आणि नसलो तर?”

“ते मला इथे बसून कसं कळणार? म्हणून तर सांगते. तिथेच असा.”

निघायच्या सकाळी अख्खी इमारत खाली उभी होती. निरीक्षकांनी आकाशाकडे बघून मान हलवली. कशासाठी ते सांगितलं नाही. साहेब पुरते घाबरले होते, पण हेल्मेटमुळे चेहरा दिसत नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं होतं. पहिल्या कोपऱ्यावर वळल्याबरोबर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसता श्वास घेतला. गॅस बंद केला का, हे विचारायला फोन काढला. मग आठवलं, की घरात बायको आहे.

पहिली रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. साहेब झोपलेच नाहीत. त्यांनी चेन अर्धी उघडी ठेवली तर विंचवाची भीती आणि पूर्ण लावली तर चेनचीच भीती. पहाटे एक शेळी तंबू हुंगून गेली. तिला त्यांनी तिन्ही शिट्ट्या ऐकवल्या.

दुसऱ्या दिवशी दगड क्रमांक अठ्ठ्याऐंशी जागेवर नव्हता. सत्त्याऐंशी होता, एकोणनव्वद होता, मधलाच गायब. साहेब दोन दगडांमध्ये सहा वेळा येरझारा घालून आले. सात वाजत आले तसे ते दर मिनिटाला घड्याळ बघू लागले. शेवटी पंक्चरच्या एका दुकानापाशी ते पाणी प्यायला थांबले आणि पाहतात तर दुकानाच्या उंबऱ्याची पायरी म्हणजेच अठ्ठ्याऐंशी. साहेबांनी वाकून क्रमांक वाचला, वहीत टिपला आणि समाधानाने मान हलवली. हे पाहून पंक्चरवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“साहेब, तो मी आणलेला नाही. आधीच्या मालकाच्या वेळचा आहे.”

“राहू द्या, राहू द्या. मला फक्त इथे झोपायचंय.”

हे ऐकून तो जास्तच घाबरला. सरकारी माणूस पाळतीवर आला आहे, अशी त्याची खात्री पटली. त्याने साहेबांना जेवू घातलं, गाडीची दोन्ही चाकं फुकट तपासली आणि स्वतः रात्रभर दुकानासमोर बसून राहिला. ते पाहून साहेबही बसून राहिले. अशा रीतीने दोन माणसांनी एकमेकांच्या भीतीने एक रात्र जागून काढली.

तिसऱ्या दिवशी उन्हात रस्ता असा थरथरत होता, की साहेबांना चक्कर आली की रस्त्याला, हे कळेना. दगड क्रमांक एकशे एक्केचाळीस लांबून दिसला तेव्हा त्याच्याशेजारी एक माणूस उभा होता. आजूबाजूला क्षितिजापर्यंत काही नाही, झाड नाही, झुडूप नाही, आणि हा माणूस घड्याळ बघत उभा. साहेबांना वाटलं, घरी काहीतरी झालं. बायकोला काहीतरी झालं. त्यांनी ब्रेक इतक्या जोरात दाबला, की तंबू सुटून पुढे गेला.

तो पोस्टमन होता. “दगड एकशे एक्केचाळीस तुम्हीच का?” त्याने विचारलं. “चाळीस किलोमीटर आलोय. रजिस्टर पत्र आहे, सही करा.”

साहेबांनी सही केली आणि पाकीट फोडलं. पत्र त्यांच्याच कार्यालयाचं होतं. ‘आपण रजेवर असल्याचे निदर्शनास आले आहे. कामावर रुजू होण्याचा दिनांक कळवण्यात कसूर केल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा.’ खाली त्यांची स्वतःचीच सही होती. रजेवरच्या प्रत्येकाला तिसऱ्या दिवशी हे पत्र पोचेल, अशी व्यवस्था त्यांनीच लावून दिली होती आणि सहीचा रबरी शिक्काही स्वतःच करून घेतला होता.

“वाईट बातमी?” पोस्टमनने विचारलं.

“भाषा जरा कडक आहे,” साहेब म्हणाले. आपण इतकी वर्षं लोकांना हे पाठवतो, हे त्यांना पहिल्यांदाच लागलं. पण त्यांनी तिथल्या तिथे गाडीच्या टाकीवर कागद ठेवून दोन परिच्छेदांचा खुलासा लिहिला आणि पोस्टमनबरोबर पाठवून दिला.

चौथी आणि पाचवी रात्र वाऱ्याने खाल्ली. दातांत वाळू, कानांत वाळू, भरलेल्या दाढांतसुद्धा वाळू. सहाव्या दिवशी डोंगर सुरू झाले तेव्हा साहेबांच्या जिवात थोडा जीव आला. पण घाटात एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला ट्रक. साहेबांनी मध्यममार्ग धरला, त्यामुळे मागचे आणि पुढचे दोन्हीकडचे लोक त्यांना शिव्या देत होते. तरी रोज साडेसातच्या आत ते दगडाशी असत. कुठे सुंदर तळं दिसलं, सपाट हिरवी जागा दिसली, तरी थांबता येत नसे, कारण पत्ता पुढचा होता. आणि दगड नेमका कुठे? तर पुलाच्या कठड्याला, नाहीतर नाल्याच्या तोंडाशी. एका रात्री तंबूचं अर्धं अंग रस्त्यावर होतं. स्वतःच दिलेल्या पत्त्याची साहेबांना आता चीड येऊ लागली होती. सुटून जायला निघालो आणि अर्जात अडकलो, असं ते एकदा मोठ्यानेही म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी तीनशे आठ क्रमांकाच्या पुढे रस्ता संपला. वरचा डोंगर खाली आला होता. एक जेसीबी दगड उचलत होता आणि त्याचा ड्रायव्हर सावलीत चहा पीत होता. “उद्या, परवा,” तो म्हणाला. “गाडी काही जात नाही. तीन किलोमीटर मागे जा. तिथे मैदान आहे, पाणी आहे. लोक तिथेच थांबलेत.”

सगळं कसं सोपं होतं. साहेबांनी गाडी वळवलीसुद्धा. मग त्यांचा हात थांबला.

यादीवर आज तीनशे बारा होता. इथे फोनवर नेटवर्कची एक काडीही दिसत नव्हती. साडेसातला बायको फ्रीजसमोर उभी राहील, तीनशे बारावर बोट ठेवील आणि तिथे कोणीच नसेल. तिला कळणार नाही. ती जेवेल. पण ते जिथे आहेत ती जागा जगात कुणालाच ठाऊक नसेल. असंच तर हवं होतं, नाही का? एकटं म्हणजे दुसरं काय असतं? आजवर इतकी भीती वाटली होती, विंचवाची, ट्रकची, चेनची, पण ही भीती वेगळी होती. आपण तिच्याशी खोटं बोललो आणि ती त्या खोट्यावर विश्वास ठेवून पानावर बसली, ही ती भीती होती.

“पायी दरड ओलांडता येते का?” त्यांनी विचारलं.

“येते. पण पलीकडे काही नाही. गाव नाही, हॉटेल नाही.”

“दगड आहे ना?”

“दगडच दगड आहेत साहेब.”

“तीनशे बारा नंबरचा.”

ड्रायव्हरने कप खाली ठेवला. “तिथे काय आहे?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “साडेसातला,” ते म्हणाले, “तिथे मी आहे.”

ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पुढे काही न विचारता तो गाडीवर लक्ष ठेवीन म्हणाला, आणि दरडीवरून वाट कुठून आहे ते हात करून दाखवलं.

साहेबांनी बॅटरी आणि शिट्ट्या घेतल्या. दरडीवर दोनदा पाय घसरला, एकदा हातापायांवर रांगावं लागलं, खरचटलं, पँट फाटली. वरून एखादा खडा गडगडला की ते डोळे मिटून जागच्या जागी उभे राहत. या वयात हे काय चाललंय, असं स्वतःला विचारत आणि पुढे जात. पावणेसातला तीनशे बारा सापडला. मधला आकडा उडाला होता, म्हणून खात्रीसाठी ते मागे जाऊन तीनशे अकरा पाहून आले. मग दगडाला पाठ लावून बसले. साडेसात झाले. त्यांनी हात वर करावा तसं काहीतरी केलं आणि मग लाजून खाली घेतला. तिचं जेवण होईल एवढा वेळ ते बसून राहिले. तिला सावकाश जेवायची सवय होती. सव्वाआठला ते उठले आणि परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या टोकाला एका उंचवट्यावर फोन लागला. काल संध्याकाळचं कसं सांगायचं याची साहेबांनी मनातल्या मनात जुळवाजुळव केली होती. सुरुवात सहज करायची, मग हळूच दरडीवर यायचं.

“काल साडेसातला,” त्यांनी सुरुवात केली, “मी बरोबर तीनशे बाराला...”

“अहो, काल मी यादी बघितलीच नाही,” बायको म्हणाली. “सहालाच जेवले आणि जरा आडवी झाले, ती सकाळी उठले. तुम्ही गेल्यापासून पहिली झोप लागली मला. कशी लागली कोण जाणे.”

साहेबांना वाईट वाटलं, भयंकर वाईट वाटलं, फाटलेल्या पँटकडे बघून तर जास्तच. मग तिचा आवाज किती दिवसांनी मोकळा झालाय, हे त्यांच्या लक्षात आलं.

“बरं केलंस,” ते म्हणाले.

“आज कुठला?”

त्यांनी खिशातली यादी काढली. “आजचा दरडीच्या पलीकडे राहिला. आता मला खालच्या दरीतून जावं लागणार. त्या रस्त्याचे दगड माझ्याकडे नाहीत.”

“मग कुठे राहणार?”

“माहीत नाही.”

पलीकडे तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेल्याचं ऐकू आलं.

“बरं,” ती म्हणाली. “उद्या सांगा. यादी काढून टाकते मग मी.” आणि फ्रीजच्या दारावरून कागद निघाल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

साहेबांनी गाडी सुरू केली. खाली दरीत जाणारा रस्ता अरुंद होता, वळणाचा होता आणि त्याच्या कडेला एकही दगड नव्हता. साहेबांनी गाडी त्या रस्त्याला घातली. हा रस्ता मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांचा एकट्याचा होता.